मातीखाली काय आहे?

प्रिय लॅण्डस्केप डिझाइन आणि पर्यावरण व्यवस्थापन,

नावं दोन, पण एकेरीत लिहितेय. तुम्ही दोघांनी एका वर्गात बसावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून.

माझ्या भाचीला तुझ्याकडे यायचंय. आधी पाच वर्षं आर्किटेक्चर, मग तुझी दोन. माझ्या आईने हिशेब ऐकला आणि विचारलं, “माळीकाम शिकायला सात वर्षं?” घरात हशा पिकला, भाची फुगून बसली. मी मात्र थोडीशी आईच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

आमची मुलुंडची सोसायटी तीन मजल्यांची होती तेव्हा मागच्या अंगणात फणस होता. रिडेव्हलपमेंट झाली, फणस गेला आणि पोडियम गार्डन आलं. लॉन, चार पाम, दिव्यांची रांग. ब्रोशरमधल्या चित्रात होतं तसंच, हुबेहूब. राज्यफूल आपल्या दारात असावं म्हणून मी जूनमध्ये ताम्हणाचं रोप आणलं आणि माळीबुवांना खड्डा घ्यायला सांगितलं. हातभर खणलं नाही तोच पहार खण्णकन वाजली. ते घाम पुसत म्हणाले, “मॅडम, नीचे पार्किंग है.”

ताम्हण आता कुंडीत आहे. झाडाला कुंडीत वाढवणं म्हणजे पैलवानाला बालवाडीच्या बाकावर बसवणं.

सात वर्षांत तू भाचीला हार्डस्केप, सॉफ्टस्केप, प्लांटिंग प्लॅन सगळं शिकवशील. पण मातीखाली काय आहे, हा त्या माळीबुवांना पहारीच्या एका घावात कळलेला प्रश्न पहिल्या दिवशी विचारशील का? उपनगरात माती बहुतेक ठिकाणी कशावर तरी अंथरलेली असते. खाली गाड्या, केबल, गटार, नाहीतर कचरा.

कचऱ्यावरून आठवलं. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये लॅण्डस्केपचा विभाग 1972 साली निघाला. त्याच साली बोरिवलीजवळ गोराई खाडीच्या काठाला मुंबईचा कचरा पडायला लागला. योगायोगच, पण मला तो आवडतो. 2007 मध्ये ते डंपिंग बंद केलं तेव्हा 19.6 हेक्टरवर 23 लाख टनांहून जास्त कचऱ्याचा डोंगर उभा होता, सुमारे 26 मीटर उंच. तो उचलला नाही, झाकला. आधी त्याला उतार दिला, वर पाणी झिरपू न देणारं अस्तर घातलं, त्यावर माती आणि गवत. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा मिथेन बाहेर काढायला विहिरी आणि पाइप, कचऱ्यातून पाझरणारं काळं पाणी खाडीत जाऊ नये म्हणून काठाला भिंत.

आता यात तुझी दोन नावं वेगळी करून दाखव. उताराची रेघ डिझाइनवाल्याची, गॅस आणि काळं पाणी व्यवस्थापनवाल्याचं. पण रेघ चुकली की पाणी साचणार, आणि साचलेलं पाणी अस्तरात वाट शोधणारच. अशा टेकडीवर हौसेने वड-पिंपळ लावायचे नसतात, मुळं अस्तर फोडतात. तिथे गवत हेच शहाणपण. आमच्या पोडियमवर तेच गवत म्हणजे शुद्ध आळस.

मुलुंडचं 24 हेक्टरचं डंपिंग 2018 मध्ये बंद झालं. वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, ती जागा. तिथे गोराईच्या उलट ठरलं. जुना कचरा उकरायचा, चाळायचा आणि जमीन मोकळी करायची. एकाच महापालिकेने एक डोंगर झाकला आणि दुसरा उकरायला घेतला. का? परीक्षेला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचत नाही.

तुझा दुसरा अवतार, पर्यावरणाचा, मला जास्त छळतो. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी अभ्यासक्रम आखला आणि त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याचे सर्जन डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. त्या अभ्यासक्रमात 50 तासिका होत्या, त्यातल्या 5 क्षेत्रभेटीच्या. या पाच तासिकांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षीची जर्नल पुढच्या वर्षीच्या मुलांना मिळते, एवढंच.

कॉमर्सला असलेल्या धाकट्या भाच्याने याच विषयाच्या पेपरात मुंबईच्या कोऱ्या नकाशावर मिठी नदी दाखवली. विहार आणि पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत, निळ्या स्केचपेनने. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि याच नदीने घरं बुडवली, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याला वाटतं मिठी निळी असते. नकाशाचे मार्क मात्र पूर्ण.

तेव्हा एवढं कर. त्या पाच तासिका जर्नलमधून सोडव. ड्रॉइंग बोर्डवाली माझी भाची आणि निळ्या मिठीवाला माझा भाचा, दोघांना एकाच बसमध्ये बसव आणि गोराईला ने. महापालिकेकडे परवानगीचा अर्ज आधीच टाक, वेळ लागतो. आणि पोरांना टोप्या घ्यायला सांग. वर सावली मिळायची नाही, आणि ती का नाही हे त्यांना तिथेच, उन्हात उभं करून विचार.

तुझी,
मुलुंडची एक रहिवासी