उजेडाची शिकार

हैदराबादेहून विजयवाड्याच्या रस्त्याला लागावे, दिलसुखनगर आणि लालबहादूर नगर मागे टाकावे, की वनस्थलीपुरमच्या दाट वस्तीला लागूनच काळविटांचे रान सुरू होते. एके काळी ही निजामांची खासगी शिकारगाह होती. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७५ साली तिला ‘महावीर हरिण वनस्थली’ हे नाव मिळाले आणि १९९४ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. जेथे बंदुकीचा बार हा दरबारी करमणुकीचा भाग होता, त्या भूमीला अहिंसेच्या उद्गात्याचे नाव लाभावे, यात या शहराच्या बदललेल्या मनाचा इतिहासच सामावला आहे.

काळवीट हे मोकळ्या माळाचे जनावर. दृष्टी आणि वेग ही त्याची दोन शस्त्रे. दिवसा शिकाऱ्याला त्यांच्याशी सामना द्यावा लागे. रात्री हातात दिवा आला, की ही दोन्ही शस्त्रे निकामी होत. हरणाच्या डोळ्यांत मागील बाजूस आरशासारखा एक पडदा असतो; झोत पडताच तो चमकतो, आणि दिपलेले जनावर जागच्या जागी खिळून राहते. आरंभी यासाठी कार्बाइडचा दिवा वापरीत. डबीतील खड्यांवर थेंब थेंब पाणी पडे, त्यातून निघणारा वायू पेटे आणि लख्ख पांढरा उजेड पडे. पुढे विजेरी आली, मग जीपवरचा झोतदिवा आला. दिवा कोणता घ्यावा, याची चर्चा शिकारी मंडळी बंदुकीइतक्याच चोखंदळपणे करीत. पण दिव्याचा भरवसा कोणी द्यावा? १९२६ साली रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावर जिम कॉर्बेटने बंदुकीला जोडलेल्या विजेरीच्या उजेडात नेम धरला, आणि गोळी सुटताच ती विजेरी मंदावत विझून गेली! बिबट्या पडला की निसटला, हे कळायला त्याला उजाडेपर्यंत थांबावे लागले. शिवाय झोतात बहुधा दोन चमकते डोळेच दिसतात. त्यांच्यामागे हरिण आहे, की कुणा गरिबाचा बैल, हे दिवा सांगत नाही.

कायद्याने हा अन्याय ओळखला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १७ व्या कलमाने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची शिकार आणि शिकारीसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर, या दोहोंना मनाई केली. अपवाद एकच होता: परवान्यात खास मुभा असेल, तर गाऱ्यावर येणाऱ्या मांसाहारी श्वापदाची शिकार. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले आणि ते कलमही गळाले. आज जनावर माणसाच्या जिवावर उठले असेल, तर वनखात्याच्या लेखी हुकमाने बंदूक उचलता येते.

दरम्यान उपकरणे पालटली. आता बाजारात दोन जातींच्या दुर्बिणी आहेत. एक चांदण्यांचा अंधुक प्रकाश कित्येक पटींनी वाढवून दाखविते. दुसरीला प्रकाशाची गरजच नाही, ती अंगाची ऊब टिपते. तथापि या दुसरीलाही आपल्या हैदराबादचे खडक फसवितात. दिवसभर तापलेला ग्रॅनाइट सूर्यास्तानंतरही ऊब धरून ठेवतो, आणि त्या पार्श्वभूमीवर जनावर वेगळे उमटत नाही. पहाटे दगड निवले, म्हणजे चित्र स्पष्ट होते.

अशी साधने हाती असली, तरी मूळचा प्रश्न सुटत नाही. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या ‘अवनी’ वाघिणीच्या शोधात ऊब टिपणारे ड्रोनसुद्धा फिरविले गेले. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री, हैदराबादहून बोलावलेल्या शिकाऱ्याच्या मुलाच्या गोळीने ती मेली. तिला बेशुद्ध करून पकडण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता का, आणि हे काम रात्री करणे योग्य होते का, यावर देशभर वाद माजला. तिच्या भयाखाली महिने काढलेल्या गावकऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, हेही खरे. दोन्ही बाजूंना वजन आहे. परंतु अंधारात दिसणे आणि अंधारात न्याय करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या रात्रीने शिकविले.

उजेडाचा सौम्य उपयोग पाहायचा असेल, तर मीर आलम तलावाकाठच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील निशाचरांच्या दालनात मुलांना घेऊन जावे. तेथे भरदिवसा मंद प्रकाश ठेवून रात्रीचा भास निर्माण केलेला असतो, आणि एरवी झोपून राहणारी वटवाघळे व उदमांजरे आपल्यासमोर वावरतात. रानालगत राहणाऱ्यांनीही हाच धडा घ्यावा. हरणांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून रात्री बाहेर पडताना विजेरीवर तांबडा कागद बांधावा आणि झोत आपल्या पावलांपुरता ठेवावा. आपल्याला वाट दिसते, आणि रानाची रात्र मोडत नाही.