उपसर्ग पुढे की मागे?

गेल्या आषाढात, तिकडे स्वीडन देशात उन्हाळ्याची सुटी असते तेव्हा, आमच्या पुतण्याची नऊ वर्षांची कन्या नंदुरबारास आली होती. घरात ती मराठीच बोलते; परंतु शाळा तिकडची असल्यामुळे स्वीडिश भाषाही तिच्या तोंडी तितकीच सहज येते. एके दुपारी, बाहेर पाऊस लागला असता, तिने आम्हांस एक वाक्य शिकविले : 'याग हेल्सार पो मुस्तेर', म्हणजे 'मी मावशीला भेटायला जाते.' आम्ही ते मोठ्या ऐटीने म्हणून दाखविले आणि पोर खदखदून हसली. "आजोबा, तुम्ही मावशीकडे गेलाच नाहीत! तुम्ही तिला नुसता नमस्कार केलात."

शब्द तेच होते, क्रमही तोच होता. चूक एवढीच की आम्ही आघात 'हेल्सार' या क्रियापदावर दिला. तेथे दिला म्हणजे अर्थ होतो अभिवादन करणे. आणि पुढच्या इवल्याशा 'पो'वर दिला म्हणजे होतो भेटीस जाणे. सारा भार त्या चिमुकल्या शब्दावर!

'मुस्तेर' हा शब्दही सोडवेना. स्वीडिशात 'आई' आणि 'बहीण' या दोन शब्दांचा संकोच होऊन तो बनला आहे. आमची मावशी तरी कोण? मातृष्वसा! एवढ्या दूरच्या देशी तोच समास तशाच रीतीने झिजलेला पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो घरच्या मंडळींस फारसा कळला नाही, हे सांगितलेले बरे.

इंग्रजीत ज्यांस फ्रेजल व्हर्ब म्हणतात त्यांचीच ही स्वीडिश भावंडे. क्रियापद साधे, त्यामागे 'अप', 'आउट', 'ऑफ' असा एखादा लहान शब्द, आणि अर्थ मात्र तिसराच. स्वीडिशात हेच शब्द 'उप्प', 'ऊत', 'आव' अशा रूपांनी येतात. संस्कृतज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की 'ऑफ' आणि 'आव' हे आपल्या 'अप'चे, तर 'आउट' आणि 'ऊत' हे आपल्या 'उद्'चे सगोत्र होत. हृ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थ निघतात, हे ज्याने लहानपणी घोकले त्यास या प्रकाराचे नवल वाटू नये. उपसर्गास स्वतःचा अर्थ असतो की तो केवळ धातूचा अर्थ उजळतो, हा वादही जुनाच. यास्काने निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य या दोघांची परस्परविरुद्ध मते नोंदवून ठेवली आहेत.

पण आपला उपसर्ग धातूच्या पुढे चिकटतो आणि त्यांचा क्रियापदाच्या मागे सुटा राहतो, हा भेद नव्हे काय? आहे, पण तो लौकिक संस्कृतापुरता. उपसर्ग धातूच्या आधी येतो असा नियम सांगून पाणिनी लागलीच म्हणतो की वेदांत तो नंतरही येतो, आणि मध्ये इतर शब्द पडून दूरही राहतो. एवढेच नव्हे, तर वेदांतील मुख्य वाक्यात क्रियापद सामान्यतः अनुदात्त असते आणि उदात्त स्वर उपसर्गावर असतो. म्हणजे पोरीने आम्हांस 'पो'वर जो आघात द्यावयास लावला, त्याची रीत वैदिकांस अपरिचित नव्हती.

इंग्रजी आणि स्वीडिश या बहिणी असूनही त्यांचे वळण एक नाही. 'ते फेकून दे' म्हणताना इंग्रज मनुष्य 'थ्रो' आणि 'अवे' यांच्यामध्ये 'इट' बसवितो; त्यास दुसरी सोय नाही. स्वीडिश मनुष्य 'कास्ता बोर्ट' ही जोडी फोडीत नाही. 'ते' शेवटी येते. मात्र त्याच क्रियापदाचे भूतकालवाचक विशेषण करावयाचे झाले की 'बोर्ट' उडी मारून पुढे जातो आणि 'बोर्टकास्ताद' असा अखंड शब्द होतो. कित्येकदा पुढचे आणि मागचे अशी दोन्ही रूपे नांदतात आणि अर्थ वाटून घेतात. 'ब्रीता आव' म्हणजे काठी मोडणे, 'आवब्रीता' म्हणजे कोणाचे बोलणे तोडणे. इंग्रजीतही 'सेट अप' म्हणजे उभारणे आणि 'अपसेट' म्हणजे उलथून टाकणे! आम्ही मराठी माणसांनी उपविश् आणि उत्स्था यांतले उपसर्ग पार गिळून 'बसणे', 'उठणे' करून टाकले, आणि ती उणीव भरून काढण्यास 'करून टाकणे', 'करून ठेवणे', 'करून बसणे' अशी शेपटे मागे लावली. 'कर्ज करून ठेवले' आणि 'कर्ज करून बसला' यांतील भेद इंग्रजास समजावून सांगावयाचा म्हणजे घाम फुटेल.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. आम्ही शाळेत संस्कृत शिकवीत असू. शिक्षक नसला म्हणजे इंग्रजीचा तासही आमच्याकडे येई. फ्रेजल व्हर्बांची एक यादी आमच्या वहीत होती. डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस एकेक अर्थ. मुलांनी ती पाठ करावी, आम्ही विचारावी. नवापूरकडचा, घरी मावची बोलणारा एक मुलगा नववीत होता. त्याने उत्तरपत्रिकेत पायांतले जोडे काढणे या अर्थी 'पुट ऑफ' लिहिले. यादीत त्याचा अर्थ 'पुढे ढकलणे' असा होता. आम्ही भर वर्गात विचारले, "काय रे, जोडे उद्यावर ढकललेस काय?" वर्ग हसला. मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या घरच्या पुस्तकात असेच आहे." आम्ही म्हणालो, "मग तुझे पुस्तक चुकले." पुस्तक कोणते, हे विचारले नाही. त्यानंतर त्याने आमच्या तासाला हात वर केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

पोर परत गेल्यावर 'ऑफ'चे गोत्र शोधण्यासाठी आम्ही मोठा इंग्रजी कोश उघडला. तेथे 'पुट ऑफ'चा वस्त्र-पादत्राणे अंगावेगळी करणे हा जुना अर्थ स्पष्ट दिला होता. १६११ साली छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलात जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढण्याची आज्ञा होते, तेथे हेच क्रियापद आहे. तेव्हा उलगडा झाला. आमचा हा भाग पश्चिम खानदेशात मोडत असे तेव्हा स्वीडिश अलायन्स मिशनची मंडळी इकडे येऊन राहिली होती, आणि नवापूरकडच्या मावची कुटुंबांत ख्रिस्ती घरे पुष्कळ आहेत. अशा एखाद्या घरात जुने इंग्रजी बायबल असणे यात अशक्य ते काय? 'अप' म्हणजे दूर. जोडा पायापासून दूर, नाही तर काम आजपासून दूर. पोराचे मूळच पक्के होते. आमची यादी तोकडी होती.

चौकशी करता तो आता नवापूर तालुक्यातच एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवितो असे कळले. पत्र लिहावयास बसलो, दोनदा फाडले. दूरचा नमस्कार झाला असता तो. शेवटी दिवाळीनंतर सुरतेकडची गाडी धरली, आणि खांडबारा, चिंचपाडा करीत नवापुरास उतरलो.

त्याचे केस पिकू लागले आहेत. आम्हांस पाहून तो गोंधळला, वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. आम्ही येण्याचे कारण सांगितले. तो म्हणाला, "काही आठवत नाही, सर." मग आत गेला आणि चामड्याच्या कव्हराचे, कडा विरलेले पुस्तक घेऊन आला. पान त्यास शोधावे लागले नाही.

आम्ही चष्मा लावून ती ओळ वाचली. काय बोलावे ते सुचेना, म्हणून विचारले, "मग वर्गात हे कसे शिकवतोस?"

"दोन्ही अर्थ सांगतो, सर," तो म्हणाला. "परीक्षेत मात्र 'पुढे ढकलणे' हाच लिहा, म्हणून बजावतो."