कॅम्पातल्या चुलीवर हॉप्स

बेळगावच्या कॅम्पात शिरलं की गावाची गजबज मागे पडते. रुंद रस्ते, जुनी झाडं, कौलारू बंगले, १८६९ चं सेंट मेरीज चर्च, आणि पलीकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे इथे छावणी वसली. गोरा शिपाई आला, तशी त्याची बिअरही आली. रेल्वे नव्हती तेव्हा बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ले. माल आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून वर यायचा. त्याआधी विलायतेची पिंपं आफ्रिकेला वळसा घालत महिनोन्महिने समुद्रावर असायची. एवढ्या प्रवासात बिअर नासू नये म्हणून तिच्यात एक वाळलेलं फूल जरा जास्तच घालत. ते फूल म्हणजे हॉप्स. हिंदुस्थानात खपणाऱ्या त्या बिअरला पुढे ‘इंडिया पेल एल’ असं नावच पडलं.

हे फूल मी पहिल्यांदा हातात घेतलं ते याच कॅम्पात, अक्काच्या घरी. भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. परत गेल्यावर तो आयुष्यातली पहिली बिअर करणार होता. सुट्टीवर आला तेव्हा बंगळूरच्या मित्राने त्याला हॉप्सचं एक लहानसं पाकीट दिलं होतं.

“मामा, इथंच करून बघूया की!” तो म्हणाला. मी सरळ नाही म्हटलं. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ चा, आणि त्यात परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही, मग ती घरी पिण्यापुरती का असेना. अक्काचा विरोध वेगळ्याच कारणासाठी. तिच्या घरात दारूची बाटली कधी आली नव्हती. “ह्या वासाचं भांडं मी पुन्हा दुधाला लावायची नाही,” तिने सांगून टाकलं. शेवटी तडजोड झाली. बिअर नाही, माल्ट नाही, यीस्ट नाही. नुसत्या पाण्यात हॉप्स उकळायचं, आणि तेही जुन्या पातेल्यात.

पाकीट उघडलं. सुरूच्या बोंडाएवढी हिरवट फुलं, कागदासारखी हलकी. वेलीच्या मादी फुलांचे हे तुरे. एक चुरडलं, तर आत पिवळी, चिकट भुकटी. सगळी करामत त्या भुकटीत. हे झाड गांजाच्या कुळातलं, पण त्यात गांजाची नशा नाही. (हे अक्काला सांगितलं नाही.) ताजं हॉप्स हिरवं दिसतं आणि त्याला रानगवताचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. तपकिरी पडून जुन्या चीजसारखा वास आला की ते टाकायचं. ऊन, हवा आणि उष्णता हे त्याचे तीन वैरी. म्हणून उरलेलं पाकीट हवा काढून, घट्ट बांधून फ्रीझरमध्ये. तयार बिअरवर ऊन पडलं तरी हॉप्समधला कडू अंश बिघडून घाण वास सुटतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी.

दोन पातेली ठेवली. एकात चिमूटभर हॉप्स घालून तासभर उकळलं. दुसऱ्यात पाणी उकळल्यावर गॅस बंद केला, मग हॉप्स घातलं आणि झाकण ठेवलं. पहिल्याचा घोट घेऊन माझी बायको म्हणाली, “भाळ कहि ऐत्री!” ती धारवाडची. वास मात्र त्याला जवळपास नव्हताच. दुसऱ्यात कडवटपणा थोडा, पण घरभर दरवळ. आपण चहात वेलदोडा शेवटी टाकतो तसंच हे. उकळत ठेवलं की सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडूपणा पाण्यात उतरतो. म्हणून बिअर करणारा थोडं हॉप्स सुरुवातीला घालतो आणि थोडं अगदी शेवटी. वीस लिटरला तीस-चाळीस ग्रॅम पुष्कळ होतं. नवखा माणूस हात सैल सोडतो आणि काढा करून बसतो.

“पण एवढं कडू घालायचंच कशाला?” अक्काने विचारलं. भाचा म्हणाला, “अगं, बार्लीचं पाणी गुळमट गोड असतं. युगादीला बेवु-बेल्ला खातो ना आपण, तसं.” हे मात्र तिला पटलं. आमच्याकडे पाडव्याला कडुनिंब आणि गूळ एकत्रच वाटतात.

आणखी एक गोष्ट तिनेच ओळखली. त्या गोड पाण्यात हॉप्स पडलं की फेस वर चढतो, दुधासारखा उतू जातो, असं भाचा सांगत होता. “मग मोठं पातेलं घे, अर्धंच भर आणि शेजारून हलू नकोस,” अक्का म्हणाली. त्याने ते वहीत लिहून घेतलं. फुलं पातळ सुती कापडात सैल बांधून सोडावीत, म्हणजे गाळताना त्रास होत नाही, हेही त्याखाली आलं.

चोथा अक्का मागच्या दारी टाकायला निघाली, तर भाच्याने तिला अडवलं. हॉप्स कुत्र्याच्या पोटात गेलं तर त्याचा ताप भराभर चढतो, जीवही जातो. कॅम्पात कुत्र्यांना तोटा नाही. मग परसात खोल खड्डा काढून चोथा पुरला आणि वर फरशी ठेवली. जुनं पातेलं मात्र अक्काने तीनदा घासलं.