पुरे केव्हां म्हणावें?

नोकरी करणाऱ्या माणसाला “किती मिळतें?” असें विचारणारे पुष्कळ भेटतात, “किती पुरे?” असें विचारणारा क्वचितच भेटतो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर वेतनपत्रकांत छापलेलें असतें. दुसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानें लिहावयाचें असतें. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, नियमाप्रमाणें सेवेचीं चार वर्षें उरलीं असतां, मी तें लिहावयास बसलों आहें.

कारण साधें आहे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची असून वाईच्या घरीं एकटी राहते. पुण्यांतील चौथ्या मजल्यावर येऊन राहण्याची तिची इच्छा नाहीं, आणि तिचें मन वळविण्याचा प्रयत्न मीं सोडून दिला आहे. शनिवारीं सायंकाळीं जावें व रविवारीं रात्रीं परतावें, हा क्रम सहा वर्षें चालला आहे. माझ्या चार वर्षांची किंमत रुपयांत सांगतां येते. तिच्या चार वर्षांची कोणत्याच चलनांत सांगतां येत नाहीं.

तरीही रुपयांचा विचार टळत नाहीं. महाराष्ट्रांतील आम्हां प्राध्यापकांच्या सध्यां दोन पंक्ती आहेत. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं जे सेवेंत आले त्यांस जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या मूळ वेतनाचा निम्मा भाग व त्यावर महागाईभत्ता. नंतर आलेल्यांस सामान्यतः अंशदानाची योजना. मीं अकरा वर्षें तासिकांवर काढलीं, आणि कायम झालों तो २००८ सालीं. शेजारच्या खुर्चीवर बसणारे माझे स्नेही माझ्या चार वर्षें आधीं कायम झाले. आम्ही दोघेही एकच पुस्तक शिकवितों. पण त्यांना निवृत्तीचा दिवस पंचांगांत पाहावा लागतो, आणि मला तो बँकेच्या पुस्तकांत शोधावा लागतो.

हा शोध कसा करावा याचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. १९९४ सालीं विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागारानें १९२६ पासूनचे आपल्या देशांतील शेअरांचे व कर्जरोख्यांचे आंकडे तपासून असें मत मांडलें कीं, पहिल्या वर्षीं पुंजीचे चार टक्के काढावे, पुढें महागाईच्या प्रमाणांत ती रक्कम वाढवीत जावें, म्हणजे पुंजी तीस वर्षें तरी सरत नाहीं. हेंच उलटें वाचलें तर वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट रक्कम जवळ असावी असें निघतें. आमची मुलगी आतां मिळवती आहे. आम्हां उभयतांस आईसह महिना पन्नास हजार, म्हणजे वर्षाला सहा लक्ष रुपये लागतील. त्याची पंचवीस पट दीड कोट. आमची सर्व शिल्लक सव्वा कोट.

परंतु हा नियम आहे तसा उचलणें शहाणपणाचें नव्हे. तो अमेरिकेच्या आंकड्यांवर उभा आहे, आणि त्याची मुदत तीस वर्षांची आहे. महागाई दरसाल सहा टक्के धरली तर किंमती बारा वर्षांत दुप्पट व चोवीस वर्षांत चौपट होतात. म्हणजे आजच्या पन्नास हजारांचें काम माझ्या ऐंशीव्या वर्षीं दोन लक्षांवांचून होणार नाहीं. शिवाय बाजार केव्हां कोसळतो यालाही महत्त्व आहे. पंधरा वर्षांनीं आलेली मंदी सोसतां येते. निवृत्तीच्या पहिल्या दोन वर्षांत आली तर पडत्या भावानें विकलेली पुंजी पुन्हां भरून येत नाहीं. म्हणून दोनतीन वर्षांचा खर्च मुदतीच्या ठेवींत निराळा ठेवणें बरें.

आणि आयुष्य किती धरावें? चार्लस् लॅम्ब १८२५ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींतील तेहतीस वर्षांची कारकुनी संपवून पेन्शनीत निघाला. त्या सुटकेवरचा त्याचा निबंध मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला आहे. तो १८३४ च्या डिसेंबरांत वारला. मोकळीक लाभली नऊ वर्षें. उलट धोंडो केशव कर्वे १९१४ सालीं, साधारण माझ्याच वयाचे असतां, फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले. दोनच वर्षांनीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि १९६२ पर्यंत, वयाच्या एकशेचौथ्या वर्षापर्यंत, ते हयात होते. म्हणजे निवृत्तीनंतर अठ्ठेचाळीस वर्षें! लॅम्बप्रमाणें हिशेब केला आणि आयुष्य अण्णासाहेबांप्रमाणें लाभलें, तर म्हातारपणीं मुलीच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी यावयाची. अण्णासाहेबांप्रमाणें हिशेब करीत बसलों आणि आयुष्य लॅम्बचें निघालें, तर जमा झालेला पैसा खर्चावयास मी नसेन. आणि आई त्याच्याही आधीं गेलेली असेल.

पत्नीपुढें हा सारा ताळेबंद ठेवला तेव्हां तिनें तो शांतपणें वाचला व म्हणाली, “तुम्ही निवृत्त व्हाल. मी कशांतून होऊं?” या प्रश्नाला बेंगेनचा नियम लागू पडत नाहीं. वाईच्या खर्चांत स्वयंपाकाच्या बाईंचा पगार व सासूबाईंच्या सोबतीला दिवसा येणाऱ्या मुलीचा पगार तिनें आपल्या हातानें लिहिला, आणि माझीं दोन मासिकें व एक वर्तमानपत्र खोडलें. पन्नास हजारांचा आंकडा त्यानंतरचा आहे.

मग आम्ही चार टक्क्यांऐवजीं साडेतीनच धरले. सव्वा कोटींवर ते महिना सुमारें साडेछत्तीस हजार होतात. पुण्याची सदनिका भाड्यानें दिली तर पंधरा हजार येतील. बेरीज साडेएक्कावन्न. कागदावर जमलें, पण कागद सोशीक असतो, म्हणून जून ते ऑगस्ट तीन महिने आम्ही पगारास हात न लावतां एवढ्याच रकमेंत राहून पाहिलें. दोन महिने निभावले. तिसऱ्यांत आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि नऊ हजार अधिक गेले. असे तीन महिने वर्षाला धरले तर सत्तावीस हजार होतात. बेरजेंतून वर्षाला अठरा हजार उरतात, राहिलेले नऊ हजार थोड्या भाषांतरावर मिळवावे लागतील. तेवढें काम माझ्यानें होईल.

यांत धोका नाहीं असें मी म्हणत नाहीं. साठीपर्यंत थांबलों तर पुंजी दीड कोटींच्या पुढें जाईल आणि झोंप अधिक निर्धास्त लागेल. परंतु कमी पडलेला पैसा काटकसरीनें किंवा थोड्या अधिक कामानें भरून काढतां येतो. टळलेला सहवास कशानेंही भरून येत नाहीं. दोन्ही चुका संभवत असतां, जी दुरुस्त होण्याजोगी आहे तिचाच धोका पत्करावा, एवढें तर्कशास्त्र मला पटलें आहे. शैक्षणिक वर्ष संपतांना मोकळें करावें असा अर्ज मीं लिहून ठेविला आहे; जानेवारींत तो देईन. आईला अद्याप सांगितलेलें नाहीं. “माझ्यासाठीं नोकरी सोडतोस?” असें ती विचारील, आणि त्याचें उत्तर मात्र मला आंकड्यांत देतां येणार नाहीं.