चष्म्यापलीकडचे अण्णा

२३ सप्टेंबर २०२४, भोसरी
अडीचशे टनी हायड्रॉलिक प्रेसचा रॅम पंप बंद असतानाही खाली सरकतोय. पंधरा मिनिटांत बोटभर. अण्णांना फोन लावला. निवृत्त होऊन ते गडहिंग्लजला गेले. गुडघ्यांमुळे आता एवढा प्रवास होत नाही. आमच्या फिटर पोराचं आणि त्यांचं अर्धा तास हेच चाललं : "वरचा व्हॉल्व्ह बघ." "कुठला वरचा, अण्णा?" "अरे, डावीकडचा." "माझ्या डावीकडचा की मशीनच्या?" दोघंही दमले. उद्या कपाटातला होलोलेन्स काढायचा.

२४ सप्टेंबर
शेडमध्ये त्याला सगळे 'चष्मा'च म्हणतात. वजन ५६६ ग्रॅम. तासाभरात कपाळावर वळ उठतो. पोराला जे दिसतं ते कॅमेऱ्यातून अण्णांच्या नातीच्या लॅपटॉपवर दिसत होतं. अण्णांनी तिथे बाण काढला आणि तो पोराच्या नजरेसमोर थेट व्हॉल्व्हवर उमटला. पोरानं मान फिरवली, दोन पावलं मागे गेला, तरी बाण जागेवरच. चष्म्याचे कॅमेरे आजूबाजूचे कोपरे नि कडा टिपत आपली जागा सतत मोजतात, म्हणून हे साधतं. चकचकीत पत्र्यासमोर मात्र हिशोब चुकला आणि बाण चार बोटं सरकला. पोरानं सांगितलं, अण्णांनी पुन्हा काढला. "हा?" "हाच." कालचा अर्ध्या तासाचा घोळ एका शब्दात मिटला.

२६ सप्टेंबर
दोष सापडला. चेक व्हॉल्व्ह की सिलिंडरचं सील, एवढाच प्रश्न होता; पण गळती आतली, कॅमेऱ्याला ती दिसणार कशी? अण्णा म्हणाले, "लांब स्क्रू ड्रायव्हर घे. टोक व्हॉल्व्हच्या अंगाला टेकव, मूठ कानाला लाव." हा आवाज चष्म्याच्या माइकमधून गडहिंग्लजला पोचणारा नव्हता. ऐकायचं पोरालाच.
"सूं सूं येतंय, अण्णा."
"सलग की तुटक?"
"सलग. चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं."
"मग सीलला हात लावू नको. आधी रॅमखाली ठोकळा, दाब काढ, मग व्हॉल्व्ह खोल."
सीटवर तिळाएवढा लोखंडाचा कीस अडकला होता.
अण्णांनी त्याला उत्तर सांगितलं नाही, प्रश्न विचारत त्याचा कान तयार केला. देखभाल खात्यात इतक्या वर्षांत असं शिकवणं मी क्वचितच पाहिलं.

२९ सप्टेंबर, रविवार
दुपारी चष्म्यामागच्या तंत्राचा इतिहास वाचला. बोइंगमधल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांचा १९९२ चा निबंध आहे. विमानाच्या वायरी जोडणाऱ्या कामगाराला पुढची खूण त्याच्या नजरेतच दाखवावी, असा त्यांचा विचार. ही कल्पना कारखान्यातल्या कामातून निघाली, हे वाचून फार बरं वाटलं.

२ ऑक्टोबर
होलोलेन्स २ चं उत्पादन थांबल्याची बातमी आली. सुरक्षेचे अपडेट २०२७ अखेरपर्यंत मिळणार आहेत. पोरगा हिरमुसला. मला दुसरीच गोष्ट लागून राहिली आहे. आमच्या अंदाजपत्रकात चष्म्यासाठी रक्कम होती, सॉफ्टवेअरसाठी होती. पलीकडे बसून बाण काढणाऱ्या माणसासाठी एक रुपयासुद्धा नव्हता. अण्णांनी दोन दिवसांत सहा तास दिले आणि आम्ही 'आभारी आहोत' म्हणून मोकळे झालो. हे चूक आहे. तासाप्रमाणे मेहनताना द्यावा, असं पत्र आज वर पाठवलं.

११ ऑक्टोबर
उद्या दसरा. शेडमध्ये आज यंत्रांची पूजा झाली. पाने-पकडींच्या ओळीत पोरानं चष्मा मांडला आणि त्याच्या शेजारी तो लांब स्क्रू ड्रायव्हर. पूजेआधी पंप बंद करून तासभर पाहिलं. रॅम केसभरही सरकला नाही. अण्णांच्या सहा तासांचे पैसे आज त्यांच्या खात्यात जमा झाले.