हवेचे गुडघे

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना गुडघ्यांची थोरवी सहसा उमगत नाहीं. जिना उतरतांना, खड्ड्यांत पाऊल पडतांना सारा धक्का ते स्वतः सोसतात आणि कण्याला त्याची वार्ताही लागूं देत नाहींत. हेंच काम हवेनें भरलेलें एक नळकांडें करतांना मीं अमेरिकेंत, कोलोराडोमधील विंटर पार्कच्या बर्फाळ उतारावर पाहिलें. तेथें १९७० सालापासून अपंगांना स्कीइंग शिकवितात. माझ्या भाच्याच्या कमरेखालीं बळ नाहीं, संवेदनाही नाहीं. तो अंगाबरोबर बेतलेल्या खुर्चींत बसतो. खुर्चीखालीं धातूची चौकट, तिच्याखालीं एकच लांब स्की, आणि मध्यें हा शॉक ॲब्सॉर्बर. हवा धक्का झेलते. नळकांड्यांतलें तेल तिची उसळी आवरतें.

या हवेचें माप मोठें नाजूक. ती जास्त झाली, तर खुर्ची लांकडासारखी ताठ राहते. कमी झाली, तर मोठ्या धक्क्यासरशीं चौकट तळाला आदळते आणि तो आघात सरळ मणक्यांवर जातो. जेथें संवेदना नाहीं तेथें झालेली इजा संध्याकाळपर्यंत कळतही नाहीं. शिवाय थंडीचा हिशेब निराळाच. ऊबदार खोलींत २० अंशांवर भरलेली हवा शून्याखालीं १० अंशांत नेली कीं तिचा दाब सुमारें दहाव्या हिश्शानें उतरतो. हा नियम मी गेलीं पंचवीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहें. विद्यार्थ्यांना त्यांत गुणांपलीकडे कांहीं दिसलें असेल असें वाटत नाहीं. भाचा मात्र नळकांडें बाहेरच्या थंडींत चांगलें निवूं देतो आणि मगच पंप लावतो. त्यांतही गंमत अशी कीं, पंप जोडतांच थोडी हवा त्याच्या नळींत शिरते. म्हणजे नुसतें मोजायला जावें तरी दाब कमी होतो!

माझ्या बहिणीचें म्हणणें, हा सारा खटाटोप दुकानदारावर सोंपवावा. "आईला सांग, मामा," तो हंसून म्हणाला, "दुकानदाराचं वजन माझ्याएवढं नाहीं." मला तें पटलें. जाड कपडे, शिरस्त्राण, सगळें चढवून तो स्वतः खुर्चींत बसतो, दांडा किती आंत गेला हें त्यावरच्या रबरी कड्यावरून पाहतो, आणि हवा थोडी वाढवितो किंवा सोडतो. हें दुसऱ्यानें करण्यासारखें कामच नव्हे. तेलाच्या कप्प्याला मात्र तो हात लावीत नाहीं. तो जाणत्या कारागिरानेंच उघडावा. हवेचा कप्पा उघडण्यापूर्वींही आंतली सारी हवा सोडावी लागते, नाहींतर आवरण गोळीसारखें उडावयाचें.

एरवीं रोजचें काम साधें. संध्याकाळीं मऊ, कोरड्या फडक्यानें दांडा पुसावयाचा. बर्फाबरोबर आलेली कचकच रबरी सीलखालीं शिरली कीं दांड्यावर ओरखडे पडतात आणि हवा झिरपूं लागते. मी तेथें होतों ते सहाही दिवस हें पुसणें चुकलें नाहीं. आमचीं पानें वाढून झालेलीं असत, आणि हा आपला दिव्याखालीं नखानें सीलची कड चांचपीत बसलेला असे.