परातीतला साबुदाणा

बडोद्याच्या कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तान्ह्यांचा सेन्सरी प्लेचा, म्हणजे इंद्रियांच्या अनुभवातून शिकवणाऱ्या खेळांचा, वर्ग भरतो. आज सुनेबरोबर नातवाला घेऊन मीही गेले. सतरंजीवर परात, परातीत खळीसारखा मऊ शिजवून गार केलेला साबुदाणा. आठ महिन्यांच्या त्या जिवाने आधी एक बोट लावलं, हात झटकन मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी हसले, तसे दोन्ही पंजे आत! मुठीतून बुळबुळीत साबुदाणा निसटे आणि तो पुन्हा मूठ वळे. बोटांची पकड, गार-कोमट, मऊ-खरखरीत, सारं बाळ असंच शिकतं, सांगून नाही.

सूनबाईचा चेहराही खुलला होता. दिवसभर ती घरात बाळाबरोबर एकटी. इथे जागरणाचं, दात येण्याचं बोलायला चार जणी भेटल्या. मला तर हाच मोठा फायदा वाटतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, ते परिसरातल्याच साध्या वस्तू हाताशी घेऊन. अशा खेळालाही महागडी खेळणी लागतच नाहीत. वर्ग परवडत नसेल तर घरीच परात मांडा. कोरडे दाणे, शेंगदाणे मात्र देऊ नका, घशात अडकतात. आणि बाळाजवळून क्षणभरही उठू नका.